विजयी धांवपटूची विधवा

(वाचावें : रूथ, अध्याय २ व ४)



हिंजवडीच्या शिवारापासून जवळच, बालेवाडीस, १९९४ सालच्या राष्ट्रीय खेळांकरितां मोठें क्रीडांगण बांधण्यांत आलें. तेथें शर्यत जिंकणाऱ्याचें नांव कर्ण्यावरून पुकारलें जातें. परंतु त्याच्या घरचा भार वाहणारीचें नांव क्वचितच कोणी घेतो. अशाच एका स्त्रीच्या चरित्राचें आज मनन करूं.

स्कॉटलंडचा एरिक लिडेल १९२४ सालीं पॅरिस येथें चारशें मीटरांची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकला. शंभर मीटरांची पहिली फेरी रविवारीं होती, म्हणून ती त्यानें सोडिली होती. पुढल्याच वर्षीं तो मिशनरी होऊन चीन देशास गेला. तेथें कॅनडाच्या मिशनरी दांपत्याची कन्या फ्लॉरेन्स मॅकेंझी हिच्याशीं त्याचें लग्न ठरलें. तिनें आधीं टोरांटोस परिचारिकेचें शिक्षण पुरें केलें. मग १९३४ सालीं टिएन्टसिन शहरीं विवाह झाला.

१९३७ सालीं युद्ध पेटलें. एरिक खेडोपाडीं सेवेस गेला. ती मुलींसह शहरीं राहिली. १९४१ सालीं, गरोदर असतां, दोन मुलींस घेऊन ती कॅनडास गेली. तिसरी मुलगी तेथें जन्मली. तिचें मुख बापानें कधींच पाहिलें नाहीं. जपान्यांच्या कैदछावणींत, मेंदूंतील गांठीनें, २१ फेब्रुवारी १९४५ रोजीं तो मरण पावला. ती वार्ता तिला मे महिन्यांत पोंचली.

जगास पदक दिसलें. तिच्यापुढें तीन मुलींचीं ताटें होतीं. रूथ जशी सरवा वेंचावयास शेतांत गेली, तशी ही पुन्हा रुग्णसेवेस लागली. लग्नापूर्वीं शिकलेली विद्या संकटसमयीं तिच्या हातीं राहिली.

१९५१ सालीं तिनें मरे हॉल ह्यांच्याशीं पुनर्विवाह केला; १९८४ सालीं ती मरण पावली. कोणी म्हणेल, मग निष्ठा कोठें राहिली? बंधूंनो, रूथही बवाजाच्या घरीं नांदली, आणि तिच्याच वंशांत दावीद राजा झाला. मृताविषयींची निष्ठा जिवंतांचा सांभाळ करण्यांत दिसते, अंधाऱ्या कोनांत बसून राहण्यांत नव्हे. पंडिता रमाबाईंनीं १८९० सालीं शारदा सदन पुण्यास आणिलें, तें विधवेच्या हातीं विद्या यावी म्हणूनच.

उपदेशक बंधूंनो, विधवेच्या सोशिकपणाची स्तुति करून तिच्या दारांतून परत फिरूं नका. तिच्या मुलीची शाळा चालू आहे काय? सातबाऱ्यावर तिचें नांव चढलें आहे काय? हिंजवडीच्या शेतांवर कचेऱ्यांच्या इमारती उभ्या राहिल्यापासून जमिनीस सोन्याचें मोल आलें आहे, आणि विधवेचा वांटा विसरणें दिराभावांस सोपें झालें आहे. बवाजानें तिच्या शेताची गोष्ट वेशींत, वडील मंडळींसमक्ष, उघड काढिली. तुम्हीही तसेंच करा.

विधवांचा कैवारी जो देव, तो आपणांस हें धैर्य देवो. आमेन.