कपीचं सोंग कोणी घ्यायचं?

डार्विनचं ‘डिसेंट ऑफ मॅन’ १८७१ साली आलं. माकडाशी नातं सांगणं म्हणजे घराण्याला बट्टा, अशी तेव्हा इंग्लंडात अनेकांची भावना होती. पुढे अकरा वर्षांनी, १८८२ मध्ये, मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा ठाण्याचा खंड निघाला. आजचा पालघर तेव्हा ठाण्यातच होता. त्या खंडात कातकऱ्यांविषयी एक नोंद आहे: रामाने लंकेवर नेलेल्या वानरांचे आपण वंशज, असं हे लोक सांगतात. साहेबाने नवल म्हणून ते टिपलं आणि तो पुढच्या जमातीकडे वळला. ज्या नात्यावरून त्याच्या मायदेशात १८६० साली बिशप आणि शास्त्रज्ञ यांची ऑक्सफर्डला जाहीर खडाजंगी झाली, ते नातं इथे कात पाडणारी माणसं आपणहून सांगत होती.

ही नोंद मला महत्त्वाची वाटते ती नाटकाच्या संदर्भात. काफ्काची १९१७ सालची एक कथा आहे. पकडून आणलेला एक कपी माणसासारखं वागायला शिकतो आणि विद्वानांच्या सभेपुढे स्वतःचा वृत्तांत सांगतो. लंडनच्या यंग व्हिकमध्ये २००९ मध्ये कॅथरिन हंटर या अभिनेत्रीने हा कपी एकटीने उभा केला. कॉलेजच्या आवारासाठी याहून चपखल विषय नाही, कारण समोर बसलेली विद्वानांची सभा तिथे आयतीच मिळते. उद्या पालघर-बोईसरच्या एखाद्या कॉलेजने असं काही करायचं ठरवलं, तर पहिला प्रश्न संहितेचा नसेल. कपी कोण होणार, हा असेल.

आधी शरीराचं बोलू. आपल्या रानात चिंपँझी, गोरिला, ओरांगउटान हे बिनशेपटीचे कपी नाहीत. ईशान्येतला हुलॉक गिबन हा त्यांचा धाकट्या पातीचा भाऊबंद तेवढा आहे. पालघरच्या मुलांच्या ओळखीची माकडं शेपटीवाली. त्यांची वाट आपल्या वाटेपासून सुमारे अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वी फुटली, तर चिंपँझीची साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी. तेव्हा कमरेला दोरीची शेपूट बांधून काखा खाजवत कोणी रंगमंचावर आला, तर त्याने नातलगच चुकीचा निवडला. डहाणू लोकलमध्ये वरची कडी धरून झुलणाऱ्या माणसाकडे पाहावं. हात डोक्यावर नेऊन त्यावर शरीर तोलणारा तो खांदा आपल्याला कपींच्या कुळातूनच मिळाला. नटाने सुरुवात तिथून करावी. मुखवटा नसला तरी चालेल.

मात्र मुखवट्याचं शास्त्र शिकायचं तर जव्हार-मोखाड्याला जायला हवं. तिथल्या बोहाड्यात देव, राक्षस, प्राणी यांची सोंगं संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात. मारुतीचं सोंग आलं की माणसं हात जोडतात. मुखवट्याखाली शेजारचाच कोणी आहे हे माहीत असूनही. मदाऱ्याच्या खेळात याच्या नेमकं उलट व्हायचं. माकडाला चड्डी घालून सासरी पाठवायचं आणि ते आपल्यासारखं दिसतं म्हणून आपण हसायचं. असे खेळ १९९८ च्या अधिसूचनेने बंद केले, ते बरंच झालं. ते हसू मात्र कॉलेजच्या स्किटमध्ये अजून शाबूत आहे.

माझी अडचण त्या हसण्याशी आहे. १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने ओटा बेंगा या काँगोतल्या तरुणाला माकडांच्या घरात, ओरांगउटानसोबत लोकांना दाखवलं. उत्क्रांतीचं नाव घेऊनच हे चाललं होतं. नातं खरं होतं, पण ते सिद्ध करायला शरीर वापरलं गेलं आफ्रिकेतल्या माणसाचं. गोऱ्या संचालकाला त्या पिंजऱ्यात कोणी बसवलं नाही. १९६९ पासून अणुवीज बनवणाऱ्या तारापूरच्या परिसरात एकाच बाकावर अणुकेंद्राच्या वसाहतीतला मुलगा आणि वीटभट्टीवर राबणाऱ्या आदिवासी घरातली मुलगी बसू शकतात. ‘आपण सारे कपी’ हे वाक्य दोघांच्या तोंडी सारख्या वजनाचं नाही. पहिल्याच्या माणूसपणावर कोणी कधी शंका घेतलेली नाही, म्हणून त्याला ते स्वस्तात परवडतं. दुसरीला ‘जंगली’ हा शब्द आधीच ऐकून झालेला असतो.

२०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते की, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेलं नाही, सबब डार्विन चूक. देशाच्या विज्ञान अकादमींनी त्याचा संयुक्त निषेध केला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग गेला, तेव्हा शास्त्रज्ञांनी पुन्हा पत्रक काढलं. दोन्ही वेळा शास्त्रज्ञांचं म्हणणं बरोबर होतं. पण पत्रकाने नातं पटतं, अंगवळणी पडत नाही. म्हणून नाटक हवं.

मग आदिवासी मुलांना कपीच्या भूमिकेपासून दूर ठेवायचं का? तसं केलं तर, ज्यांच्या घरात सोंग नाचवायची पिढ्यांची कला आहे त्यांनाच ‘त्यांच्या भल्यासाठी’ बाजूला बसवल्यासारखं होईल. बोहाड्यात अनेक सोंगं घराण्याच्या मानाची असतात. वरून कोणी ती लादत नाही. कॉलेजनेही भूमिका वाटू नयेत. ज्याला हवी त्याने मागावी. आणि तालमीच्या पहिल्या दिवशी, विद्यार्थ्यांच्या आधी, प्राध्यापकांनी दोन्ही हातांच्या मुठी जमिनीला टेकून वर्गातून एक फेरी मारावी. संस्थाचालक आले तर त्यांनीही.