पाखरांची राखण

कंधार तालुक्यात मन्याड नदीच्या खोऱ्यावर एक माळ आहे. खाली काळी जमीन, वर मुरूम, आणि मुरुमावरच्या वीतभर मातीत गवत. पाऊस लागला की मारवेल हिरवी होते, मागोमाग पवन्या येतो आणि भादव्यात कुसळी गुडघ्याच्या वर जाते. सातबाऱ्यावर या माळाची नोंद आहे पोटखराबा. ज्यात पीक येत नाही अशी जमीन. कागदाने एवढंच पाहिलं.

माळ दोन भावांचा. बाप होता तोवर दहा एकर एकत्र होते. मिरगापासून दसऱ्यापर्यंत बाप त्यावर एकही जनावर घालू देत नसे. दिवाळीनंतर गवत कापलं जाई, पेंढ्या बांधून गंजी रचली जाई, आणि त्या गंजीवर घरची लाल कंधारी जनावरं उन्हाळा काढत. माळेगावच्या यात्रेत त्याची बैलजोडी उभी राहिली की लोक चालता चालता थांबत. बाप गेला आणि वाटणी झाली. पाच एकर थोरल्याला, पाच धाकट्याला, मधे दगडी बांध. बांधालगतचा बोअर आणि जनावरांचा हाळ थोरल्याच्या वाट्याला गेला. माय धाकट्याकडे राहिली.

२०२१ च्या पावसाळ्यात लातूरच्या बाजारात सोयाबीन क्विंटलला दहा हजारांपर्यंत पोचलं. तो आकडा ऐकून थोरल्याला झोप लागेना. पुढच्या उन्हाळ्यात त्यानं तासावर जेसीबी लावला, दगड वेचून बांधावर टाकले, तलावातला गाळ ट्रॅक्टरनं आणून पसरला आणि आपल्या वाट्याचा माळ फोडला. मी त्याला दोष देणार नाही. पोरीचं लग्न तोंडावर होतं, सोसायटीचं कर्ज थकलं होतं. रानच्या गवताला हमीभाव नाही, पीकविमा नाही, पीककर्ज नाही. सोयाबीनला तिन्ही आहेत. सरकारनं ज्या वाटेवर दिवे लावले त्याच वाटेनं माणूस चालला, तर त्यात त्याचं काय चुकलं?

धाकट्यानं माळ ठेवला. ठेवला म्हणजे हिंमत झाली नाही म्हणून राहिला, असं तो स्वतः सांगे. पण एक गोष्ट त्यानं पाहिली होती.

मे महिन्यातली दुपार. तो बाभळीखाली बसला होता. पंचवीस पावलांवर खड्यांमध्ये माळटिटवीची चार अंडी होती. खड्यांच्याच रंगाची, मातकट, वर काळे ठिपके. नजर हलली की पुन्हा सापडत नव्हती. खाली काड्या नाहीत, पिसं नाहीत, नुसती उघडी जमीन, आणि ती इतकी तापलेली की अनवाणी पाय टेकवत नव्हता. टिटवी उडाली, हाळावर गेली, पाण्यात बसून पोट भिजवलं आणि ओल्या पोटानं परत येऊन अंड्यांवर उभी राहिली. थोड्या वेळानं पुन्हा गेली. पुन्हा आली. दुपारभर तिचं हेच चाललं होतं. घरी येऊन त्यानं मायला सांगितलं. माय म्हणाली, "चार अंडी हायेत ना? मग चार महिने पाऊस हाय." गावात तसं मानतात. पाऊस तसा येतो की नाही हा वेगळा प्रश्न. पण ज्या घरात असं मानतात त्या घरात टिटवीच्या अंड्यावर पाय पडत नाही.

हिवाळ्यात लातूरहून एक निवृत्त गुरुजी मित्रांना घेऊन यायचे. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून भोवत्या नावाचे शिकारी पक्षी आपल्याकडे येतात, माळावर अगदी खालून तरंगत नाकतोडे टिपतात आणि रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. ते पाहायला ही मंडळी यायची. दुर्बिणी, कॅमेरे, चहा. जाताना धाकट्याचा हात हातात धरून म्हणायची, तुमच्यासारख्या शेतकऱ्यांमुळेच हे टिकलंय. त्यांचं बोलणं मनापासूनचं होतं. पण गाडी वळून गेली की धाकटा पाच एकर गवताकडे बघत उभा राहायचा. बैल एकच उरला होता, गवताला गिऱ्हाईक घटलं होतं, आणि किराणा दुकानाची वही काही त्या शब्दांनी मिटत नव्हती.

२०२४ चा उन्हाळा आला. सोयाबीन तोवर निम्म्याच्या खाली आलं होतं, तरी धाकट्यानं अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख ठरवून जेसीबीवाल्याला इसार दिला. काहीच न येण्यापेक्षा थोडं येईल, एवढाच त्याचा हिशेब होता. त्याच आठवड्यात गुरुजी आले. या वेळी एकटेच, टिटवीची घरटी बघायला. त्यांना ही बातमी कळली आणि ते अस्वस्थ झाले. "असं करू नका हो," ते म्हणाले, "पाखरं कुठं जातील?"

माय ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवून ती म्हणाली, "गुरुजी, एक इचारू? माझ्या सासऱ्याच्या काळ्यात ज्वारी असायची. कणसात दाना भरला की माच्यावर एक गडी बसायचा, गोफणीनं पाखरं हाकलायला. सुगी झाली की खळ्यावर त्याला पायलीनं ज्वारी मोजून द्यायचे. कुनी त्याला म्हनलं न्हाई, तू चांगला मानूस हायेस म्हनून फुकट हाकल. आता तुमी म्हनता पाखरं हाकलू नका, ठिवा. ठिवायची बी राखनच हाय की. मग हिची पायली कोन घालनार?"

गुरुजींना उत्तर सुचलं नाही. चहा गार झाला. मग ते बोलू लागले आणि सुरुवात त्यांनी ज्या गोष्टीची त्यांना खंत होती तिथूनच केली. १९७९ साली माळढोकासाठी सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य झालं. हेतू चांगलाच होता. पण आठ हजार चौरस किलोमीटरांहून मोठी हद्द आखली गेली आणि लोकांची शेतं, गावंच्या गावं तिच्यात आली. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली. पक्षी शेतकऱ्याच्या बांधावर, आणि त्याच्यापायी शेतकऱ्याच्या हाती काय, तर अडवणूक. पुढे हद्द कमी करून सुमारे बाराशे चौरस किलोमीटरांवर आणली गेली, पण तोवर त्याच अभयारण्यातल्या नान्नजच्या माळावर माळढोक दिसणं हीच दुर्मीळ गोष्ट झाली होती. आज साऱ्या जगात तो दीडशेच्या आसपास उरला आहे. "माळढोक कमी व्हायला कारणं पुष्कळ झाली," गुरुजी म्हणाले, "पण ज्याच्या रानात तो राहत होता त्या माणसाला आम्ही सोबत घेतलं नाही, हे खरं."

मग त्यांनी मध्य प्रदेशातल्या सैलान्याचं सांगितलं. तिथं तणमोर पावसाळ्यात अंडी घालायला येतो. गवतातून नर उंच उडी मारतो, पुन्हा खाली, पुन्हा वर, दिवसाला शेकडो उड्या. तिथल्या वनखात्यानं ठरवलं की ज्या शेतकऱ्याच्या रानात तणमोर दिसेल आणि जो त्याचं घरटं राखेल त्याला रोख बक्षीस द्यायचं. सक्तीच्या जागी मोबदला आला.

धाकट्यानं विचारलं, "मग आमच्याकडं कोन देनार?"

"आम्ही देऊ," गुरुजी म्हणाले. त्यांनी लातुरात परत जाऊन मित्रांना गोळा केलं. वर्गणी काढली. धाकट्याचा इसार बुडाला तेवढी भरपाई पहिल्यांदा दिली, आणि सैलान्यासारखंच ठरवलं: घरटं दाखवा, पिल्लं चालायला लागली की घरट्यामागे पैसे घ्या.

ती चूक होती. कुणाची नियत वाईट नव्हती, तरी चूक होती. पैशाची गोष्ट गावात पसरली आणि आषाढात पोरांच्या टोळ्या माळावर घरटी हुडकत फिरू लागल्या. चंडोल गवताच्या बुडाशी वाटीएवढं घरटं करतो. ते हुडकायचं तर गवत पायानं फाकावं लागतं. जिथं पोरं फिरली तिथं पायवाटा पडल्या, पायवाटांनी कुत्री आली, मुंगसं आली. भादव्यापर्यंत गुरुजींच्या वहीत एकवीस घरट्यांची नोंद झाली आणि पिल्लं चालली ती दोन घरट्यांतली.

गुरुजी वही उघडून ओट्यावर बसले होते. मायला वाचता येत नव्हतं, पण वहीवरच्या फुल्या दिसत होत्या. ती म्हणाली, "अंड्यावर पैका लावला, म्हनून लोक अंड्याकडं धावले. गवतावर लावा. गवत उभं राहिलं तर पाखरू आपलं आपन बघून घेतं."

मला हे वाक्य फार मोलाचं वाटतं. मोठ्या मोठ्या योजनांना इथं यायला वर्षं लागतात. राखण पाखराची करता येत नाही. ते आपल्याला दिसतही नाही. राखण होते ती जागेची.

दुसऱ्या वर्षीचं बोलणं म्हणून गवतावर झालं. दसऱ्यापर्यंत चराई नाही, उन्हाळ्यात माळ जाळायचा नाही, फवारणी नाही, घरटं कुणी हुडकायचं नाही. दसऱ्यानंतर कापायचं ते कडेनं आत नव्हे, मधून सुरू करून कडेला यायचं, म्हणजे गवतात राहिलेल्या पिल्लाला पळायला बाहेरची वाट राहते. हे गुरुजींनी स्कॉटलंडच्या बेटांवरून घेतलं होतं. तिथं कॉर्नक्रेक नावाचा गवतात लपून ओरडणारा पक्षी नामशेष व्हायला आला होता. गवत उशिरा कापणाऱ्या आणि मधून कडेला कापणाऱ्या शेतकऱ्यांना पैसे द्यायला सुरुवात झाली. १९९३ साली पाचशेच्याही आत आलेले ओरडणारे नर २०१४ पर्यंत बाराशेच्या वर गेले. कापलेलं गवत शेतकऱ्याचंच राहतं. थोडं थांबल्याचे तेवढे पैसे.

राहिला दर. गुरुजींच्या मित्रांनी एक आकडा धरला होता. धाकटा तो ऐकून गप्प बसला. मायनं विचारलं, "सोयाबीनचा भाव फिरून वर गेला तर?" तेव्हा गुरुजींना अमेरिकेची हकीकत आठवली. तिथं सरकार १९८५ पासून शेतकऱ्यांना दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने दरसाल भाडं देतं, अट ही की नांगर लावायचा नाही, गवत ठेवायचं. गवतातली पाखरं त्यानं पुष्कळ सावरली. पण २००७ नंतर मक्याचा भाव चढला, भाडं मागे राहिलं आणि करार संपताच लाखो एकर पुन्हा नांगराखाली गेले. ही हकीकत सांगता सांगताच गुरुजींनी आपला आकडा खोडला. ठरलं ते असं: त्या भागातल्या हलक्या रानात सोयाबीनला खर्च वजा जाता जे उरतं, तेवढं एकरी द्यायचं, आणि दरवर्षी नव्यानं बसून ठरवायचं. पैसे द्यायचे ते मिरगाच्या आधी. माळ फोडायचा की ठेवायचा हे शेतकरी उन्हाळ्यात ठरवतो, बी-बियाण्याची नड तेव्हाच असते. दिवाळीत दिलेला पैसा त्या निर्णयाला उपयोगी पडत नाही. हे शेवटचं धाकट्यानं सांगितलं, आणि एवढं स्पष्ट तो पहिल्यांदाच बोलला.

त्या मे महिन्यात पैसे वेळेवर आले. त्यानं दुकानाची वही मिटवली आणि दुसरा बैल घ्यायचं मनात धरलं.

थोरला हे सगळं बांधाच्या पलीकडून बघत होता. त्याच्या पाच एकरांतला गाळ दोन पावसाळ्यांत निम्मा वाहून गेला होता, मुरूम पुन्हा वर आला होता. एका संध्याकाळी तो ओट्यावर आला आणि उभ्याउभ्याच म्हणाला, "माय, ह्यानं काही केलं न्हाई म्हनून ह्याला पैसे. मी घाम गाळला, मला कर्ज. हा कुठला न्याय?"

मायनं त्याला बसायला सांगितलं. "ह्यानं काही केलं न्हाई असं तुला कामून वाटतं? दसऱ्यापस्तोवर शेजाऱ्याच्या म्हशी हाकलत हिंडतोय त्यो. वणवा लागला तवा रातभर झोडपत होता." मग गुरुजींकडे वळून म्हणाली, "पर त्याचं बी खरं हाय. ज्यानं फोडला त्याला परत यायला वाट ठिवा. न्हाईतर ज्याच्याजवळ गवत हाय त्याचंच भलं हुईल, आन ज्याचं गेलं त्यो तसाच ऱ्हाईल."

गुरुजींनी वही काढली. थोरल्यानं दोन एकर पडीक सोडायचं कबूल केलं. गवत धरेपर्यंत त्याला निम्मा दर, पुढं पूर्ण. भावाच्या गंजीच्या तळाशी साचलेला भुसा, पवन्याच्या आणि मारवेलीच्या बियांनी भरलेला, त्यानं दोन पोती भरून नेला आणि वळवाच्या आधी हातानं फेकला. फेकताना एका जागी थांबला. दगड वेचलेल्या मोकळ्या मुरमात चार अंडी होती. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडत होती.

हाळ कोरडा होता. बोअरचं पाणी पुरत नाही म्हणून दोन उन्हाळे त्यानं तो बंद ठेवला होता. तो बांधापर्यंत चालत गेला, मोटार सुरू केली, हाळात वीतभर पाणी सोडलं आणि लांब जाऊन बाभळीखाली बसला. बराच वेळ काही झालं नाही. मग टिटवी आली. पाण्यात बसली, अंग दोनदा हलवलं, आणि ठिबकत्या पोटानं उडून त्याच्या रानातल्या त्या मुरमावर उतरली.