नोहाचे पांघरूण

उत्पत्तीच्या ९ व्या अध्यायात नोहाच्या पतनाची हकीकत आहे. जलप्रलयातून ज्यास देवाने राखिले तोच नीतिमान पुरुष द्राक्षमळा लावितो, द्राक्षारस पितो आणि आपल्या डेऱ्यात उघडा पडतो. शास्त्राने ही गोष्ट लपविली नाही, हे प्रथम ध्यानात घ्यावे. पुढे परीक्षा होते ती पुत्रांची. हाम पाहतो आणि बाहेर जाऊन सांगतो. शेम व याफेथ खांद्यांवर वस्त्र घेऊन पाठमोरे आत जातात व बापास झाकितात.

प्रिय बंधुभगिनींनो, आमच्या मंडळ्यांत हामाचे अनुकरण फार होते. शनिवारी रात्री कोण कोठे पडला होता, ही वार्ता आदितवारच्या घंटेआधीच घरोघर पोहोचते. उलट घरची भगिनी मार सोसते, आणि पाळक विचारावयास आले म्हणजे त्यांना ताप आला आहे असे सांगते. हे शेमाचे वस्त्र नव्हे. शेम आत गेला. दार लोटून परत फिरला नाही. अशा भगिनीस व तिच्या लेकरांस उपदेशकाच्या घरी आश्रय मिळालाच पाहिजे, आणि क्षमेचा उपदेश त्यानंतर करावा.

दारूचे व्यसन पाप की आजार, असा वाद आमचे उपदेशक पुष्कळदा घालितात. समोर मनुष्य थरथर कापत असता हा वाद शोभत नाही, असे आम्हांस वाटते. कित्येक गावी वर्षानुवर्षे पिणाऱ्यास शपथ घालून खोलीत कोंडितात व बाहेर प्रार्थना करितात. हेतू शुद्ध आहे, परंतु यात प्राणाचे भय आहे. रोज पुष्कळ पिणाऱ्याचे शरीर दारूस सरावलेले असते. ती एकाएकी तुटली म्हणजे काही तासांतच हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून कोणास भ्रम होतो, ताप चढतो, नसलेली माणसे दिसतात. गाव यास भूतबाधा म्हणतो, आणि ख्रिस्ती म्हणविणारेही भूत काढावयास बसतात! असा मनुष्य उपचारावाचून दगावू शकतो. त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे. औषधाने हे दिवस निभावतात. प्रार्थना गाडीत बसून करावी.

दिवाळीच्या सुमारास कित्येक कुटुंबे उचल घेऊन ऊसतोडीस जातात. अंग ठणकते म्हणून पुरुष पितात. टोळीचा मुकादम आपल्यापैकी असेल तर त्याने मजुरीच्या हिशेबात बाटली धरू नये, आणि प्यालेल्याच्या हाती कोयता अथवा ट्रॅक्टर देऊ नये. त्या दिवशी त्यास बसवावे, पण टोळीतून हाकलू नये. काम गेले की सावरण्याचे एक मोठे कारण गेले. चोरट्या दारूविषयी तर इतकेच सांगतो की, जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणी येथे मिथेनॉल मिसळलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. दारूनंतर डोळ्यांपुढे धुके आले तर सकाळची वाट पाहू नये.

शरीर सावरले म्हणजे काम संपले असे नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी उभ्या केलेल्या मुक्तांगणात रोग्याबरोबर त्याच्या घरच्यांसही समजाविले जाते. अमेरिकेत अ‍ॅक्रन शहरी १९३५ साली दोन मद्यप्यांनी, एक शेअर दलाल व एक शस्त्रवैद्य, एकमेकांस सावरण्यासाठी जी संगत धरिली तीतून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा निघाल्या. अशा सभेस मंदिराची खोली आठवड्यातून एक संध्याकाळ मोकळी द्यावी. दिवाबत्तीचा खर्च मंडळीने सोसावा. आणि सुटलेला मनुष्य पुन्हा प्याला तर त्याचे नाव पटावरून काढण्याची घाई करू नये. पुष्कळांचे असे होते, आणि तरी ते पुढे सुटतात.

सरकारच्या व्यसनमुक्ती मदतवाहिनीचा क्रमांक १४४४६ आहे. त्यास पैसे पडत नाहीत. उपदेशकांनी तो मंदिराच्या दाराशी मोठ्या अक्षरांत लिहावा, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांजकडून पाठ करवून घ्यावा.