आठवडाभर आधी लिहिलेलं पत्र

२६ जुलै १९१४ रोजी जर्मन सेनाप्रमुख हेल्मुट फॉन मोल्टके यांनी एका पत्राचा मसुदा स्वहस्ते लिहून काढला. त्या दिवशी युरोपात कुणीच कुणाविरुद्ध युद्ध पुकारलेलं नव्हतं. ऑस्ट्रियानं सर्बियाविरुद्ध पुकारलं तेसुद्धा दोन दिवसांनी. किरकोळ दुरुस्त्या होऊन ते पत्र बंद लिफाफ्यात ब्रसेल्सच्या जर्मन वकिलातीत पोचलं. हुकूम येईपर्यंत लिफाफा फोडायचा नव्हता. २ ऑगस्टला हुकूम आला आणि संध्याकाळी सातच्या सुमारास पत्र बेल्जियमच्या परराष्ट्रमंत्र्यांच्या हाती पडलं. मजकूर असा, की फ्रेंच फौज जीव्हे-नामूरच्या वाटेनं तुमच्या देशात शिरण्याच्या बेतात असल्याची खात्रीलायक खबर आहे, सबब स्वसंरक्षणासाठी आम्हालाही तिथं यावं लागतं आहे. वाट द्या, नुकसान भरून देऊ, लागेल तो माल रोखीनं घेऊ. अडवलंत तर तुम्ही शत्रू. उत्तराला मुदत बारा तास.

खबर खात्रीलायकच म्हणायची. आठवडाभर आधी लिहून ठेवली होती!

महायुद्धं का पेटतात, याचं उत्तर आपण बहुधा माणसांत शोधतो. सारायेव्होत गोळ्या झाडणारा तरुण, नाही तर अक्कडबाज मिशांचा कैसर. खलनायक सापडला की आपलं डोकं शांत होतं. पण १ ऑगस्टची संध्याकाळ पाहा. लंडनहून आलेल्या एका तारेवरून फ्रान्स लढाईबाहेर राहील, असा कैसरचा समज झाला आणि त्यानं मोल्टकेंना सांगितलं, सगळी फौज पूर्वेला, रशियाकडे वळवा. मोल्टकेंनी नकार दिला. लाखोंची फौज, हजारो आगगाड्या, वर्षानुवर्षं खपून बसवलेलं वेळापत्रक. ते ऐनवेळी फिरवता येत नाही, म्हणाले. रात्री उशिरा तो समज चुकीचा ठरला आणि कैसरनं हात टेकले. शत्रू आपल्याआधी सज्ज होईल, या धास्तीनं प्रत्येकानं घाई केली आणि त्या घाईचं गणित मांडताना थांबायची सोय कुणी ठेवलीच नव्हती.

त्या वेळापत्रकातला रस्ता बेल्जियममधून जात होता. व्हर्दूनपासून बेलफोरपर्यंतची फ्रेंच सरहद्द किल्ल्यांनी बंद होती, म्हणून. बेल्जियमशी वैर असं काहीच नव्हतं. उलट १८३९च्या लंडन करारात त्याच्या तटस्थतेची हमी देणाऱ्यांत प्रशिया, म्हणजे पुढच्या जर्मनीचा गाभाच, होता. राजे आल्बर्ट यांच्या मंत्रिमंडळानं रात्र जागून काढली आणि सकाळी सातला नकार कळवला. ४ ऑगस्टला जर्मन फौज आत शिरली. त्याच दिवशी चान्सलर बेथमान-होलवेग यांनी संसदेत कबूल केलं, की आपण करतो आहोत तो अन्याय आहे, पण लष्करी उद्दिष्ट साधलं की त्याची भरपाई करू. मला मोल्टकेंच्या थापेपेक्षा या प्रांजळपणाची धास्ती जास्त वाटते. थाप मारणारा निदान लाज बाळगून असतो. २३ ऑगस्टला दिनां या छोट्या गावात ६७४ नागरिक मारले गेले, दोन दिवसांनी लूव्हँच्या विद्यापीठाचं ग्रंथालय जळालं. त्याची भरपाई कोण, कशी करणार होतं?

शेजारच्या हॉलंडला मात्र कुणी हात लावला नाही. आधीच्या आराखड्यात वाट त्याच्याही लिंबुर्ग प्रांतातून जात होती. ती मोल्टकेंनीच वगळली. ब्रिटननं समुद्र अडवला, तर तटस्थ डच बंदरांतून माल येत राहील, हा हिशेब. एकाच माणसाच्या टेबलावर दोन तटस्थ देश होते. एकाची तटस्थता आड येत होती, दुसऱ्याची उपयोगी होती. दोघांच्या वागणुकीचा त्यात काही संबंध नव्हता.

बेल्जियमला फार सोवळं मानायचंही कारण नाही. काँगोतल्या माणसांना विचारल्याशिवाय त्यानं त्यांना पूर्व आफ्रिकेच्या रणात उतरवलं. बेल्जियमच्या कैवारासाठी ब्रिटन उतरला तेव्हा हिंदुस्थानलाही कुणी विचारलं नव्हतं. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले.

तटस्थतेचा तोच कैवारी ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात, १९४३मध्ये काय करत होता, तेही पाहायला हवं. पोर्तुगाल तटस्थ, म्हणून गोवा तटस्थ. मुरगाव बंदरात ‘एरेनफेल्स’सह तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज आश्रयाला होतं. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून जर्मन पाणबुड्यांना खबर जाते, म्हणून ९ मार्चच्या रात्री ब्रिटिशांनी तिच्यावर छापा घातला. माणसं पाठवली ती कलकत्ता लाइट हॉर्सची, म्हणजे बहुतेक नोकरी-व्यवसायातले, चाळिशी गाठलेले हौशी शिपाई. पकडले गेले असते, तर सरकारला हात झटकता आले असते. चारही जहाजं बुडाली आणि हे प्रकरण १९७८पर्यंत झाकून राहिलं.

१९४३च्याच ऑक्टोबरात अमेरिका आणि जपान यांना एकमेकांचे अडकून पडलेले नागरिक बदलून घ्यायचे होते. त्यासाठी दोन्ही पक्षांना खात्रीचं तटस्थ बंदर हवं होतं. त्यांनी मुरगाव निवडलं.