घरची बोली वर्गात येऊ द्या

जिंतूर तालुक्यातल्या बंजारा तांड्यावरचं सहा वर्षांचं मूल आईला ‘याडी’ म्हणतं, घरात गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतं. दुकानात मराठी ऐकतं, आठवडी बाजारात दखनी वळणाची हिंदी. मुकादमाची उचल फेडायला आई-वडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघाले आणि कारखाना कर्नाटकातला असला, तर फडावरच्या कोपीत राहून थोडी कानडीही उचलतं. इतक्या भाषांच्या संगतीत वाढलेलं मूल धीट, बोलकं असायला हवं. पहिलीच्या वर्गात मात्र ते गप्प बसतं.

त्याच्या गप्प बसण्याचं कारण आपण त्याच्यात शोधतो. फळ्यावर, पुस्तकात त्याच्या घरचा एक शब्द नसतो आणि चुकून तोंडून निघालाच तर वर्ग हसतो. हेच मूल आजीबरोबर ग्रामीण रुग्णालयात जातं तेव्हा तिचं दुखणं डॉक्टरांना मराठीत सांगतं आणि कोणती गोळी कधी घ्यायची हे तिला गोरमाटीत समजावतं. दोन माणसांच्या मधे उभं राहून दोघांचं म्हणणं न बिघडवता पोचवायचं, हे थोरांनाही सहज जमत नाही. प्रगतिपुस्तकात त्याला रकाना नाही. मूल किती भाषा शिकलं यापेक्षा त्याच्या पहिल्या भाषेला चारचौघांत मान मिळाला का, यावर त्याचा आत्मविश्वास ठरतो, असं मला ठामपणे वाटतं.

खरं तर हे आपल्याला, मराठवाड्यातल्या मराठी माणसांना, कुणी समजावून सांगायची गरज पडू नये. मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याचा कारभार उर्दूत चाले. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचं माध्यमही उर्दूच होतं. मराठी घरातल्या मुलाला वर चढायचं तर तीच वाट होती. उर्दूनं त्या पिढीला पुष्कळ दिलं, हेही मान्य केलं पाहिजे; आपल्या बोलीत तिचा गोडवा अजून आहे. परभणीत सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करणारे बी. रघुनाथ याच काळात मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. दुसरी भाषा शिकावी लागली याचं दुःख कुणाला नव्हतं. आपली भाषा दरबारी मोजलीच जात नाही, हे सलत होतं. आज तेच आपण तांड्यावरच्या मुलांच्या वाट्याला आणतो आहोत. जनगणनेतसुद्धा बंजारी आणि लमाणी बोलणारे हिंदीच्या खात्यात धरले जातात.

पालकांची बाजू मला कळते. कोयता आपल्या हातात आहे तो मुलाच्या हातात येऊ नये, म्हणून ते म्हणतात, घरची बोली सोड, इंग्रजी धर. इंग्रजी उत्तम आलीच पाहिजे, त्यात तडजोड नको. पण घरची भाषा टाकल्यानं इंग्रजी येत नाही. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस मांडलं की एका भाषेत पक्की झालेली समज आणि वाचनाची शक्ती दुसऱ्या भाषेच्या कामी येते. परभणी शहरातल्या उर्दू शाळांतल्या मुलांनाही हे लागू आहे. घरी दखनी, शाळेत उर्दू, कचेरीत मराठी अशी त्यांची रोजची ये-जा असते. त्यांच्या मराठीतल्या चुका मोजताना बाकीच्या दोन भाषा कुणी धरत नाही.

भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, अशी तरतूद १९५६ पासून राज्यघटनेच्या ३५० क अनुच्छेदात आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंही, शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा माध्यम असावी असं म्हटलं आहे. गोरमाटी पुस्तकं तयार होईपर्यंत थांबायचं कारण नाही. महाराष्ट्रात ती बोली देवनागरीतच लिहितात. मराठी वाचणाऱ्या शिक्षकाला ती लिहिताही येईल.

जिल्हा परिषदेच्या गुरुजींना आणि बाईंना माझी कळकळीची विनंती आहे. पहिले काही महिने मुलाला त्याच्या बोलीत उत्तर देऊ द्या. अडलं तर वरच्या वर्गातल्या मुलीला अर्थ सांगायला बोलवा. तांड्यावरच्या आजीला वर्गात गोष्ट सांगायला बसवा आणि मराठी मुलांनाही ती ऐकवा. आणि पालकांनो, मुलांशी घरात तुमच्याच भाषेत भरपूर बोला. ऊसतोडीहून परतल्यावर तिकडची कानडीही त्यांना बोलून दाखवू द्या.