टोकाची कडी

न्यूझीलंडच्या उत्तर टोकाला एक लांबलचक पुळण आहे. नाव नव्वद मैलांचं, पण मोजली तर भरते ५५ मैल, म्हणजे ८८ किलोमीटर. नाव ठेवणाऱ्याला माशाची लांबी सांगताना हात पसरायची सवय असावी.

ऑकलंडला नोकरी करणारा एक तरुण सुट्टी मिळाली की तिथं गरवायला जायचा. मूळचा मालवणकडचा. त्याच्या आजोबांकडे बांबूची काठी, काठीला दोरी आणि दोरीला गरी, एवढंच होतं. याच्याकडे चार मीटरची कार्बनची काठी, तिला रीळ, आणि दोरी धावायला ओळीनं कड्या.

एकदा मोठा स्नॅपर मासा लागला. काठी वाकली आणि दोरी तुटली. तरुणानं दहा किलोची दोरी काढून पंधरा किलोची भरली. तीही तुटली. मग त्यानं रीळ बदललं. जुनी मूठ सोलून नवी बसवली. अशी खटपट त्याला आवडायची. काठी देखणी झाली. दोरी तुटायची ती तुटतच राहिली.

पुळणीच्या दक्षिण टोकाला, आहिपारा गावात, एक म्हातारा काठ्या दुरुस्त करायचा. तरुण त्याच्याकडे गेला. म्हाताऱ्यानं रीळ पाहिलं नाही की मूठ पाहिली नाही. कापसाचा बोळा घेतला आणि एकेका कडीतून ओढला. सगळीकडून तो सुळकन गेला. टोकाच्या कडीत मात्र दोन तंतू अडकले.

कडीला आतून चिनी मातीसारखं गुळगुळीत अस्तर असतं. त्याला चीर गेली होती, नुसत्या डोळ्यांना न दिसणारी. दर फेकीला दोरी तिच्यावर घासायची आणि मासा लागला की घासल्या जागी तुटायची. म्हाताऱ्यानं बेतानं आच दाखवली, कारण जास्त झाली तर कार्बनच खराब होतो. चिकटवण सैल झाल्यावर त्यानं कडी उपसली आणि नवी बसवली.

काही दिवस बरे गेले. मग दोरी पुन्हा तुटली. तरुण तणतणत आला.

“काका, तुमची कडी कच्ची निघाली!”

“चल पुळणीवर. फेकून दाखव.”

तरुणानं झोकात फेकली.

“आता गुंडाळ.”

तरुण भराभरा रीळ फिरवू लागला. दोरीला बांधलेलं शिसं पाण्याबाहेर आलं, वाळूवरून फरफटलं, वर उठलं आणि टोकाच्या कडीवर आदळलं. टण्!

“दर वेळी असंच?”

“हो. त्यात काय?”

म्हाताऱ्यानं खिशातून नवी कडी काढून त्याच्या तळहातावर ठेवली. या वेळी बसवून दिली नाही.

“कडी कितीही वेळा बदलता येते,” तो म्हणाला. “आधी हाताची खोड बदल.”

तरुणानं कडी स्वतः बसवली. जरा वाकडीच बसली, म्हणून पुन्हा आच देऊन सरळ केली. पुढच्या रविवारी गुंडाळता गुंडाळता शिसं हातभर लांब असतानाच तो थांबला. दुपारी स्नॅपर लागला. दोरी टिकली. त्यानं मोजपट्टी लावली. तिथल्या नियमानं २७ सेंटिमीटर हवेत, हा भरला २५. सोडून द्यावा लागला.