भिंतीची ओल

दिवाळी आठ दिवसांवर आली, की घराघरांतून एक मौजेचा प्रकार घडतो. वर्षभर जिच्याकडे कोणी मान वर करून पाहिलेले नसते ती भिंत एकाएकी सर्वांच्या डोळ्यांत सलू लागते. कोपऱ्यातला पोपडा, खिळ्याभोवतीचे भोक, पावसाळ्यात उमटलेला ओलीचा नकाशा, सारे पाहुण्यांच्या आधी आपल्यालाच दिसते. मग गृहिणी म्हणते, "निदान एक हात तरी मारून घ्या!" आणि गृहस्थ रंगाचा डबा घेऊन येतो.

हा 'एक हात' मारण्यात काही नीती-अनीती आहे काय, असे मी विचारले तर वाचक हसतील. सणासाठी भिंत रंगवली, एवढेच ना? पण डाग झाकणे आणि डाग दुरुस्त करणे या दोन गोष्टी दुरून सारख्याच दिसतात. फरक असतो तो आत.

ज्याला भिंत खरोखर नीट करायची आहे तो प्रथम ती बोटाने वाजवून पाहतो. जिथे पोकळ आवाज येतो तिथला गिलावा निर्दयपणे पाडतो. वाटीएवढा डाग परातीएवढा होतो आणि घरातली माणसे हळहळतात. पण सुटलेल्या गिलाव्यावर नवा गिलावा धरत नाही, त्याला इलाज नाही. मग तो पाण्याचा माग काढतो. फुटलेले कौल, तुंबलेली पन्हळ, गळकी मोरी, यांपैकी काहीतरी सापडतेच. ते बंद केल्यावर भिंत सुकू द्यायची, पुन्हा पाणी शिंपडायचे, आणि चुनावाळूचा पातळ थर द्यायचा. तो आवळला की दुसरा. चुना मोठा सावकाश गडी आहे. भट्टीत भाजताना जो वायू तो गमावतो तोच हवेतून परत घेत तो हळूहळू पुन्हा दगड होतो. आपली दिवाळी जवळ आली म्हणून तो घाई करीत नाही. आणि घाई म्हणून जुन्या मातीच्या भिंतीवर सिमेंट थापावे, तर आतली ओल कोंडते आणि वर चढून दुसरीकडे फुटते.

अजिंठ्याच्या चित्रांच्या बाबतीत असेच काहीसे झाले. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी सुटणारा गिलावा जागच्या जागी बसवला, हे उपकारच. पण चित्रांवर लाखेचा हात दिला, तो पुढे पिवळा पडला आणि नंतरच्या लोकांना तो उतरवीत बसावे लागले. हेतू चांगला असला तरी वरचा लेप चित्राची काळजी घेतोच असे नाही.

मग सणाला डाग झाकूच नये काय? इतका कर्मठ मी नाही. पाहुण्यांसमोर घरातली काळजी न दाखवणारी आई खोटी नसते. झाकणे वाईट होते ते भाऊबीज उलटल्यावर, जेव्हा रंग पाहून आपल्यालाच वाटू लागते की भिंत कोरडी आहे.

एका वाड्याची हकीगत सांगतो. वाटणीनंतर दोघा भावांमध्ये एकच भिंत उरली होती आणि कामापुरतेच बोलणे. धाकट्याच्या माजघरात दर पावसाळ्यात ओल येई, दर दिवाळीला तो रंग देई. शेवटी गवंडी म्हणाला, "मी कितीही लिंपलं तरी पाणी पलीकडून येतंय. ते तुम्हीच सांगायला हवं." गिलावा मजुरी देऊन करून घेता येतो, हे सांगणे कोणाला मजुरीने देता येईना. दोन दिवस घुटमळून धाकटा पलीकडे गेला. थोरल्याने सारे ऐकले आणि आपल्या बाजूची भिंत दाखवली. तिथेही तसाच डाग होता. "मला इतकी वर्षं वाटत होतं, तुझंच पाणी माझ्याकडे येतंय," तो म्हणाला. पाणी दोघांच्याही छपरांमधल्या पन्हळीतून येत होते. ती वाटणीत कोणाच्याच वाट्याला आली नव्हती, म्हणून कोणीच साफ करीत नव्हते!

घरची भिंत स्वतः दुरुस्त करावी असे मला वाटते ते पैसे वाचतात म्हणून नव्हे. स्वतः पाडायला लागले म्हणजे ओल कुठून येते ते विचारावे लागते, आणि विचारायला कधी कधी शेजारचे दार ठोठवावे लागते.

आपल्या हाताचे ठिगळ जरा ओबडधोबड दिसेल. दिसू द्यावे. १९६४ साली व्हेनिस येथे जुन्या वास्तूंच्या जतनाची जी सनद झाली, तीही सांगते, की नवा भाग जुन्याशी मिळताजुळता असावा, पण नवा म्हणून ओळखू यावा. त्या वाड्यातले ठिगळ अजून ओळखू येते. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी धाकट्याच्या घरच्या सूनबाई त्याच्याखालीच पणती ठेवतात, आणि चहाला थोरल्यांना हाक मारायची ती त्या भिंतीवर थाप मारूनच मारतात.